पाठवाऱ्यात शीड फिरविताना



आजचा विषय शिडाच्या होडीचा आहे आणि बोलणारा मनुष्य कामगार संघटनेचा आहे. तेव्हा या दोहोंची सांगड कशी, हे प्रथम सांगितले पाहिजे. तुमच्या वसाहतीचे नाव पूनम सागर. नावात सागर आहे, खिडकीतून मात्र समोरच्या इमारतीच दिसतात. तरी येथून भाईंदर एकाच स्थानकाच्या अंतरावर, आणि भाईंदरला लागून वसईची खाडी. या खाडीने मीठ वाहिले, रेती वाहिली, मासळी वाहिली. आणि ज्या होड्यांतून ती वाहिली त्या एके काळी शिडावर चालत. तो माल वाहणाऱ्या माणसांच्या सभा घेण्याच्या निमित्ताने आम्ही या काठावर पुष्कळ बसलो. त्या सभा घड्याळावर नव्हे, भरतीवर ठरत. पाणी चढले की वक्त्याचे वाक्य अर्धे टाकून माणसे उठून जात, आणि ते योग्यच होते. पाणी उतरेपर्यंत मागे राहत ते म्हातारे तांडेल. त्यांच्याकडून जे ऐकले आणि पुढे पुस्तकांशी ताडून पाहिले, त्यांतील एकच गोष्ट आज सांगावयाची आहे. ती म्हणजे वारा पाठीमागून येत असताना शिडाची बाजू बदलणे. इंग्रजी खलाशी याला जाईब म्हणतात. ऐकावयास ही क्षुल्लक बाब वाटते. शिडाच्या नौकेवर जी डोकी फुटली आणि ज्या काठ्या मोडल्या, त्यांत या एका हालचालीचा वाटा मोठा आहे.

प्रथम शीड कसे चालते ते पाहू. पाण्यावर न गेलेल्या मनुष्याची अशी समजूत असते की शिडाची होडी वारा नेईल तिकडे जाते. तसे असते तर दर्यावर्दी घरी परतलेच नसते. वारा उजव्या अंगाने येत असेल तर शीड डाव्या बाजूस फुगते. डाव्या अंगाने येत असेल तर उजव्या बाजूस. वाऱ्याकडे तिरपे तोंड करूनही नौका पुढे सरकते. फक्त अगदी वाऱ्याच्या नाकावर तिला जाता येत नाही. म्हणून वाट काढताना केव्हा ना केव्हा वाऱ्याची बाजू बदलावी लागते, आणि बाजू बदलण्याचे दोनच मार्ग आहेत. नौकेचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, वाऱ्यातून फिरवून पलीकडे न्यावयाची, किंवा पिछाडी वाऱ्यातून फिरवावयाची. दोन्हींचा शेवट एकच: शीड या बाजूचे त्या बाजूस गेले. पण या दोन वाटांवरचा धोका मुळीच सारखा नाही.

याचे कारण समजण्यास होडी लागत नाही, तुमच्या घरातले दार पुरे. डोलकाठी म्हणजे बिजागरी आणि शीड म्हणजे दार असे समजा. वारा बिजागरीकडून मोकळ्या कडेकडे वाहत असेल, तर दाराच्या दोन्ही अंगांनी तो निघून जातो. दार थोडे इकडे तिकडे हलते, पण आपटत नाही. नाळ वाऱ्यातून फिरवताना शिडाची हीच स्थिती असते. ते झेंड्यासारखे फडफडते, त्याचा जोर जातो, होडी मंदावते, आणि चालविणाऱ्यास श्वास घ्यावयास उसंत मिळते. आता वारा उलट दिशेने, मोकळ्या कडेकडून बिजागरीकडे येऊ द्या. मोकळी कड वाऱ्याच्या तोंडावर आहे. दार उघडे आहे तोवर सर्व शांत. पण कड जराशी पलीकडे झुकली की वारा दुसऱ्या अंगाने शिरतो, आणि दुपारी गॅलरीचे दार जसे आपटते तसे ते आपटते. मधे थांबा नाही, फडफड नाही, पूर्वसूचना फार थोडी. पिछाडी वाऱ्यातून फिरवताना शिडाचे असे होते. दार आपटू नये म्हणून घरातली बाई काय करते? ती दाराची कड हातात धरून सावकाश लोटते. जाईबचे निम्मे शास्त्र त्या हातात आहे.

दारापेक्षा शिडाची गोष्ट गंभीर आहे, कारण शिडाच्या तळाशी आजच्या बहुतेक नौकांत एक आडवी काठी असते. तिला बूम म्हणतात. ती लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची असते, आणि लहान होडीत ती बसलेल्या माणसाच्या डोक्याच्याच उंचीवरून जाते. पाठवाऱ्यात शीड पुरते बाहेर सोडलेले असते, म्हणजे नौकेच्या मध्यरेषेपासून सुमारे ८० अंश. तेथून ते पलीकडच्या ८० अंशांवर गेले तर एकूण १६० अंश. बूम ४ मीटर लांब धरली तर तिचे टोक सुमारे ११ मीटरांची चाप कापते, आणि प्रत्येक मीटरागणिक तिचा वेग वाढत जातो. पण हेच शीड वळण्यापूर्वी दोराने ओढून मध्यरेषेपासून १० अंशांवर आणून ठेवले, तर पलीकडे जाताना टोकास दीड मीटरही जावयाचे नसते. काठी तीच, वारा तोच; फक्त तिला धावण्यास अंगण ठेवले नाही. जाईब सुरक्षित करणे म्हणजे शिडाला धाव घेऊ न देणे. आज सांगावयाचे बाकीचे सर्व नियम याच एका गोष्टीतून निघतात.

पाठवारा फसवा कसा असतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. वारा ताशी १५ सागरी मैलांनी वाहत आहे आणि होडी त्याच दिशेने ६ मैलांनी पळत आहे, तर होडीतल्या माणसास फक्त ९ मैलांचा वारा जाणवतो. पाठीवर ऊन आहे, शर्ट फडफडत नाही, पाणी बाजूने खळखळत आहे. जो तो खूश. अशा वेळी होडीचे नाक पुढच्या लाटेत घुसून ती मंदावली तर १५ मैलांचा पुरा वारा शिडावर येतो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे नवाचे पंधरा झाले तर दाब पावणेतीन पट होतो. वारा वाढलेला नाही, होडी थांबली आहे इतकेच. म्हणून जाणते लोक शीड फिरवावयास होडी सर्वांत वेगात असेल तो क्षण निवडतात, म्हणजे लाटेच्या उतारावरून ती घसरत असताना. नवशिका नेमका उलट वागतो. तो होडी मंदावण्याची वाट पाहतो, कारण त्यास वेगाची भीती वाटते.

आता आपल्या खाडीकडे येऊ. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, आणि दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात. आपल्याकडे ते बहुधा वायव्येकडून. मासळी घेऊन किंवा रिकामी होडी घेऊन दुपारी समुद्राकडून आत येणारा मनुष्य उत्तन एका हाताला आणि वसईचा किल्ला दुसऱ्या हाताला ठेवून पूर्वेकडे शिरतो. तेव्हा वारा त्याच्या डाव्या खांद्यामागून येतो आणि शीड उजव्या बाजूस असते. भाईंदर व पाणजू यांच्यामधून, घोडबंदरावरून, तो असाच जातो. गायमुखाच्या सुमारास खाडी ठाण्याच्या अंगाने वळू लागते आणि वारा नेमका पाठीवर येतो. आणखी थोडे दक्षिणेस वळले की तो उजव्या खांद्यामागे गेला. होडीने काही केले नाही, खाडी वळली. पण शीड मात्र आता चुकीच्या बाजूस आहे. शिवाय एका अंगास येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगास कामणदुर्ग व तुंगारेश्वर. त्यांच्यामधून वारा सरळ रेषेत येत नाही, खिंडीखिंडीतून झोत मारतो. म्हणजे शीड फिरवावयाचे की नाही हा प्रश्नच उरत नाही. ते तुम्ही फिरवता की वारा फिरवतो, एवढाच प्रश्न उरतो. त्यात ओहोटीची भर. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार-पाच मीटर चढते-उतरते. ते सारे पाणी खाडीच्या तोंडातून बाहेर पडत असताना समोरून वारा आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा पाण्यात होडीची पिछाडी उचलली जाते आणि सुकाणू ऐन वेळी पाण्याबाहेर येते.

जुन्या लोकांनी यावर काय तोड काढली होती, हा आमच्या मते या विषयाचा सर्वांत रसाळ भाग आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या गलबतांस, मचव्यांस, फतेमारींस बूम नव्हती. त्यांचे शीड एका लांब तिरप्या काठीला बांधलेले असे. त्या काठीला परबाण म्हणतात. परबाणाचे पुढचे टोक खाली नाळेजवळ आणि मागचे टोक उंच आकाशात. हे सारे ओझे डोलकाठीच्या एकाच बाजूस लटके. त्यामुळे बाजू बदलावयाची म्हणजे नुसते शीड नव्हे, परबाणासकट सर्व काही डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावे लागे. यासाठीच ती डोलकाठी पुढे कललेली ठेवत. परदेशी पाहुण्यास ती बांधणाऱ्याची चूक वाटे. पण त्या कलण्यामुळेच परबाणास पुढून फिरण्यास जागा मिळत असे.

कृती अशी. तांडेल नौकेची पिछाडी हळूहळू वाऱ्याकडे आणी. वारा नेमका पाठीवर आला की शिडाच्या मागच्या कोपऱ्याचा दोर सोडून देत. बूम नसल्यामुळे ते कापड नौकेच्याही पुढे जाऊन निशाणासारखे फडफडू लागे, आणि त्या क्षणी शिडातला सर्व जोर गेलेला असे. मग खलाशी परबाणाचे खालचे टोक डोलकाठीच्या बुंध्याकडे ओढून घेत, म्हणजे परबाण डोलकाठीलगत जवळजवळ उभे राही. सोडलेला दोर घेऊन माणसे नाळेवरून, सर्वांच्या पुढून, पलीकडे जात. परबाण दुसऱ्या अंगास घेत. खालचे टोक पुन्हा पुढे नेत. आणि मग दोर मागे ओढून शीड भरत. आणखी एक काम या सर्वांच्या आधी करावयाचे असे, आणि तेच विसरण्यासारखे. या नौकांवर डोलकाठीला आधार देणारे दोर कायमचे दोन्ही बाजूंस बांधलेले नसत. ज्या बाजूने वारा त्या बाजूस ते ताणीत. बाजू बदलण्यापूर्वी ते सोडून नव्या बाजूस बांधावे लागत. ते राहून गेले आणि शीड भरले, तर डोलकाठी निराधार उभी.

ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी ॲलन व्हिलियर्स यांनी १९३८-३९ मध्ये एका कुवेती जहाजावरून अरबस्तान व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने प्रवास केला आणि तो लिहून ठेवला. तेथेही हीच रीत. नाळ वाऱ्यातून फिरवण्याच्या भरीस ते पडत नसत, पिछाडी फिरवीत, आणि शीड पुढून नेत. अरब काय, कोकणी काय, दोघांची विद्या एका समुद्राची आहे.

या रीतीत दोन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. एक, जुना खलाशी शिडाशी कुस्ती खेळत नाही. तो आधी त्यातला वारा काढून टाकतो आणि मग ते हलवतो. बूमच्या नौकेत असे करता येत नाही, कारण डोलकाठीचे बाजूचे आधार आडवे येतात आणि बूम पुढे जाऊ शकत नाही. म्हणून तेथे शीड रिकामे करण्याऐवजी मध्यावर ओढून धरावयाचे. एकात दार बिजागरीसकट उचलून पलीकडे नेले, दुसऱ्यात कड हाताने धरली. आपटू दोघांनीही दिले नाही. दुसरी गोष्ट माणसांची. परबाण फिरवणे हे एकट्याचे काम नव्हते. माणसे जागेवर गेल्याशिवाय आणि त्यांनी ओरडून तसे सांगितल्याशिवाय तांडेलास वळताच येत नसे. आजच्या लहान होडीत सुकाणूची दांडी एका हाताने चार बोटे सरकवली की जाईब होते. काम सोपे झाले आणि त्यामुळेच ते न सांगता करण्याची सोय झाली. जेथे काम सोपे होते तेथे इशारा प्रथम गळतो, हे आम्ही गोदीतही पाहिले आणि कारखान्यातही.

येथे थोडे विषयांतर करतो, आमच्या धंद्याची सवय म्हणून. यंत्राच्या हलत्या भागांस कुंपण घातलेच पाहिजे, असे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने घातले. ते कलम दाखवून आम्ही अनेक मालकांशी भांडलो. एका ठिकाणी पट्ट्याने माणसाचा हात गेला, आणि चौकशीच्या कागदावर कारण काय, तर कामगाराचा निष्काळजीपणा. जाळी का नव्हती, हे लिहिण्यास त्या कागदात रकानाच नव्हता. बूम हाही यंत्राचा हलता भागच आहे, पण तिला कुंपण घालता येत नाही. घातले तर नौका चालणार नाही. जेथे कुंपण शक्य नाही तेथे कुंपणाची जागा शब्दाने घ्यावयाची असते. म्हणून सुकाणू धरणाऱ्याने 'तयार?' असे मोठ्याने विचारावयाचे, होडीतील प्रत्येकाने 'तयार' असे उत्तर द्यावयाचे, आणि मग 'फिरलो' असे म्हणून वळावयाचे. उत्तर आले नाही तर वळावयाचे नाही. पाहुण्याने मान डोलावली, हे उत्तर नव्हे. सुकाणू धरणारा शिडाकडे पाहत असतो, मानेकडे नाही. आणि 'तयार नाही' असे म्हणण्याचा अधिकार सर्वांत लहान पोरालाही असला पाहिजे. त्यावर त्याला कोणी हसता कामा नये, कारण हसे झालेला मनुष्य पुढच्या खेपेस तयार नसतानाही 'तयार' म्हणतो.

आता लहान बूमच्या होडीतली प्रत्यक्ष कृती. वळण्यापूर्वी सभोवार पाहावे: पलीकडे दुसरी होडी, जाळ्याचे बोये, पुलाचा खांब, उथळ पाणी यांपैकी काही आहे काय. वळल्यावर होडी नव्या दिशेने लगेच पळू लागते, तेव्हा तिकडची जागा आधी मोकळी पाहिजे. होडीच्या पोटातून पाण्यात सोडलेली मधली फळी निम्म्याच्या आसपास वर घ्यावी. ती पुरती खाली असेल तर फिरताना होडी तिच्यावरच अडखळून आडवी होते, आणि पुरती वर असेल तर होडीस पाण्यात पाय रोवता येत नाही. बूमला खाली दाबून धरणारा दोर ताणलेला असावा, नाहीतर फिरताना बूम वर उसळते आणि शिडाची वरची बाजू एकीकडे व खालची दुसरीकडे अशी फजिती होते. पायात अडकणारे दोर मोकळे करून ठेवावे. बूमइतकाच शिडाचा दोर घातक असतो. तो सैल पडून क्षणात ताणला जातो तेव्हा त्याच्या वेढ्यात हात, मान, जे असेल ते सापडते.

मग 'तयार?' आणि उत्तर. सुकाणूची दांडी वाऱ्याच्या बाजूस सावकाश ओढली की होडी वाऱ्यापासून दूर, म्हणजे पाठवाऱ्याकडे वळते. दुसऱ्या हाताने शिडाचा दोर आत घेत राहावे. पुढचे लहान शीड ढिले पडून पलीकडे जाऊ लागले, म्हणजे वारा नेमका पाठीवर आला. आता माणसांनी वजन मध्यावर आणावे, डोकी खाली घालावी, आणि फिरवावे. बूम डोक्यावरून जाताच दोन कामे एकाच क्षणी. दोर झरझर सोडावयाचा, म्हणजे नव्या बाजूस वाऱ्याचा धक्का बसणार नाही. आणि सुकाणू मध्यावर, किंबहुना क्षणभर उलट दिशेस द्यावयाचे. हे उलटे सुकाणू पुष्कळांस कळत नाही. शीड एका बाजूस भरले की त्याचा जोर मध्यरेषेबाहेर पडतो आणि होडीचे नाक वाऱ्याकडे खेचतो. सुरू केलेले वळण तसेच चालू ठेवले तर दोन्ही जोर एक होतात, होडी गर्रकन वाऱ्याकडे फिरते आणि कुशीवर पडते. म्हणून जो मार्ग पाण्यावर उमटतो तो साध्या वळणाचा नसतो, किंचित नागमोडी असतो. मोठ्या नौकेत हेच, फक्त दोर कप्प्यांवरून ओढावा लागतो आणि वेळ लागतो. तेव्हा सुकाणू धरणाऱ्याने दोरवाल्याच्या गतीने वळावयाचे, दोरवाल्याने सुकाणूच्या गतीने ओढावयाचे नाही.

हे झाले आपण होऊन केलेल्या जाईबचे. बहुतेक अपघात मात्र कोणी न केलेल्या जाईबने होतात. सरळ पाठवाऱ्यात जाताना सुकाणू पाच-दहा अंश चुकले, किंवा वाऱ्यानेच दिशा बदलली, की शीड ज्या बाजूस आहे त्याच बाजूने वारा येऊ लागतो. याच्या खुणा आहेत. पुढचे शीड मोठ्या शिडाच्या आडोशास येऊन मलूल पडते. बूमचे टोक वर उचलल्यासारखे होते. मोठ्या शिडाची मागची कड थरथरते. मानेवर डावीकडे लागणारा वारा उजवीकडे लागू लागतो. ही शेवटची खूण म्हाताऱ्या तांडेलांची. ते बोलता बोलता मान फिरवीत, आम्हांस वाटे अंग मोडत आहेत. यांपैकी एकही खूण दिसली की शीड ज्या बाजूस आहे तिच्या उलट बाजूकडे होडीचे नाक वळवावे, लगेच, आणि कारण नंतर शोधावे. त्याहून बरे म्हणजे नेमक्या पाठवाऱ्यात जाऊच नये. वारा थोडा खांद्यावर ठेवून तिरपे जावे आणि मधे एकदा नीट ठरवून शीड फिरवावे. अंतर थोडे वाढते, पण ते बहुधा वेगात भरून निघते.

मोठ्या नौकांत बूमच्या मागच्या टोकापासून नाळेकडे एक दोर बांधून ठेवतात, म्हणजे ती आपोआप पलीकडे जाऊ नये. आपण त्याला रोखदोर म्हणू. तो चांगला आहे, पण त्याच्या भरवशावर बूमच्या वाटेत बसणे चांगले नाही, कारण दोर तुटतो. जगप्रदक्षिणेच्या क्लिपर शर्यतीत २०१५ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यापुढे एका नौकेवर आकस्मिक जाईब झाली आणि एक खलाशी प्राणास मुकला. मोठी नौका, उत्तम साधने, शिकविलेली माणसे. तरीही हे घडले. दुसरे, आपण होऊन शीड फिरवावयाचे असेल तेव्हा रोखदोर आधी सोडला पाहिजे, आणि तो सोडण्यास कोणास नाळेपर्यंत धावावे लागू नये. त्याचे टोक सुकाणूपाशी आणून ठेवावे.

दूरच्या समुद्रात हे ज्ञान किती कामी येते, याची उदाहरणे आपल्याच किनाऱ्याची आहेत. दक्षिण गोलार्धाच्या चाळिसाव्या अक्षांशाखाली पश्चिमेचे वारे आठवडेच्या आठवडे पाठीमागून येतात. तेथे पाठवारा हीच नित्याची स्थिती. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले, आणि त्यांची 'सुहेली' ही सागवानी नौका मुंबईत आपल्या सुतारांनी बांधलेली. त्या सुतारांची नावे कोणी घोकत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला. पुढे गोव्यात दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई' या ५६ फुटी नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये, आणि न थांबता अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये, एकट्याने प्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा स्त्री अधिकारी 'तारिणी'तून जाऊन आल्या. त्याच नौकेतून २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच गेल्या. एकटा मनुष्य 'तयार?' कोणास विचारतो? तो स्वतःसच विचारतो, आणि एकेक दोर हाताने चाचपून उत्तर देतो. घाई त्याला परवडत नाही.

आणि वारा फारच असेल तर? तर जाईब करूच नये. होडी दुसरीकडून वळवावी: नाक वाऱ्याकडे नेऊन, वाऱ्यातून पार करून, पलीकडून पुन्हा पाठवाऱ्यावर आणावी. मोठा फेरा पडतो, शीड फडफडते, अंगावर पाणी येते, पण काठी कोणाच्या डोक्यावरून धावत नाही. तेवढी जागा खाडीत नसेल तर मोठे शीड आधीच खाली घ्यावे आणि पुढच्या लहान शिडावर सरकत जावे. हे करणाऱ्यास भित्रा म्हणणारे लोक धक्क्यावर असतात. ते धक्क्यावरच असतात.

होडीत पाहुणे म्हणून बसणाऱ्या मंडळींसाठी एवढेच: तळाशी, मध्यावर, बूमच्या पातळीखाली बसावे. सुकाणूवाल्याने हाक दिली की बोलणे थांबवून उत्तर द्यावे. फोटो काढण्यासाठी पाठवाऱ्यात उभे राहू नये. पोहता येत असो वा नसो, तरंगते जाकीट अंगात असावे, बाकाखाली नव्हे. बूमचा फटका बसलेल्या मनुष्यास पाण्यात पडल्यावर आपणास पोहता येते याची आठवण राहीलच असे नाही. तो पडला तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट रोखून पाहत राहावे, दुसरे काही करू नये. लाटांत डोके हरवावयास एक क्षण पुरतो, आणि ज्याने नजर हटवली नाही त्याच्याच बोटाच्या रोखाने होडी परत आणावयाची असते.

शीड पलीकडे गेले, होडी नव्या वाटेस लागली, म्हणजे काम संपले असे नाही. दोर गुंडाळून मोकळे करावे, पुढचे शीड नव्या बाजूस ओढावे, मधली फळी वाऱ्याच्या मानाने खाली करावी, रोखदोर नव्या अंगास बांधावा. आणि वल्ही, पाणी उपसावयाची बालदी व माणसे एकदा मोजून घ्यावी.